ठरावाच्या बाजूने

शिवम अडखळला आणि माझे ओठ आपोआप हलले. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मी बसले होते, मांडीवर पर्स, पर्समध्ये चार घड्या घातलेला अर्ज. तो स्टेजवर माईक धरून उभा होता आणि "अध्यक्ष महोदय, देशाचं धोरण हे काही..." इथे येऊन त्याची गाडी थांबली. पोरगं हुशार, पण पाठांतर कच्चं. भरल्या सभागृहातून त्याने नेमकी माझी नजर शोधली. आणि मी, माधवी देवमन तायडे, वय एकोणचाळीस, अकोल्याच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवणारी बाई, मी आवाज न काढता त्याला पुढचं वाक्य दिलं: चार-दोन जहाजं कुठल्या बंदरात अडकली म्हणून बदलत नसतं. त्याने ते अलगद उचललं आणि असं फेकलं की सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर खासदार खुशालराव बसले होते, त्यांनीही मान डोलावून टाळ्या वाजवल्या. माझे हात टाळीसाठी उठले आणि तसेच पर्सवर परत आले. त्या चार-दोन जहाजांपैकी एकावर माझा भाऊ आहे.

गंमत म्हणजे कागदावर लिहिताना हात असा अडला नव्हता. अमरावतीला घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून उभ्या-उभ्या लिहिलं होतं. मागे आई तूर पाखडत होती. आधी मी 'काही जहाजं' असं लिहिलं. 'काही'त जोर नाही. मग 'दोन-चार' केलं, तेही जिभेवर बसेना. मग 'चार-दोन'. चार-दोन म्हटलं की कसं हात झटकून मोकळं झाल्यासारखं वाटतं. मी स्वतःवर खूश झाले. खरंच झाले, खोटं कशाला बोलू? वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा आईने सूप थांबवून विचारलं, "काय म्हनून राहिली व?" मी म्हटलं, काही नाही, पोराचं भाषण आहे. मग दोघींसाठी चहा टाकला.

आमच्याकडच्या वादविवाद स्पर्धा ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांना हे कळायचं नाही. एका कॉलेजचा संघ म्हणजे दोन जण. एकाने विषयाच्या अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरता करंडक द्यायचा. म्हणजे भांडण आपसातच, आणि जिंकायचं मात्र दोघांनी मिळून. दोन्ही भाषणं बहुतेक वेळा एकाच मास्तराने लिहून दिलेली असतात. सोमवारी अनुकूल लिहायचं, मंगळवारी प्रतिकूल, मध्ये एक रात्र झोपायचं. मला हे माझ्या बाबांनी शिकवलं. देवमन तायडे, पोस्टमन. डाक वाटून आले की सायकल भिंतीला टेकवायचे आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी मला विषय द्यायचे. सकाळी एका बाजूने बोल, संध्याकाळी दुसऱ्या. "ज्याले एकच बाजू येते थो नुसता भांडते," बाबा म्हणायचे, "ज्याले दोनी येतात थो वकील होते." मी वकील झाले नाही. नऊ वर्षांची असताना भीमजयंतीच्या स्टेजवर उभी राहिले, तिथून पुढे अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ, जिथे स्पर्धा तिथून बक्षीस आणलं. पण बाबांच्या त्या शिकवणीने माझं एक वाटोळं केलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला माझं मतच सापडेनासं झालं. यवतमाळचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता, मला आवडलाही होता. मी अकरा दिवस मनाशी अनुकूल-प्रतिकूल करत बसले, इतकं उत्तम केलं की दोन्ही बाजूंना पैकीच्या पैकी गुण द्यावे, आणि बाराव्या दिवशी कळलं की त्यांनी दुसरीकडे होकार कळवून टाकला. तेव्हापासून कुणी "तुमचं काय मत?" असं विचारलं की माझ्या तोंडावर येतं, कोणत्या बाजूने सांगू?

आजचा विषय प्राचार्यांनी काढला होता. खुशालराव आमच्या संस्थेचे अध्यक्ष, आणि करंडक त्यांच्या वडिलांच्या, कैलासवासी देवरावांच्या नावाचा. मागच्या डिसेंबरात दिल्लीला सभागृहात एक ठराव आला. बाहेरच्या मोठ्या देशांनी एका देशावर निर्बंध घातले होते, त्याचं तेल घ्यायचं नाही, त्याला माल विकायचा नाही, त्याच्याशी धंदा करणाऱ्या जहाजांना थारा द्यायचा नाही, आणि आपणही त्या निर्बंधांच्या बाजूने उभं राहायचं, असा तो ठराव. तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. आठवड्याभरात अकोल्यापासून वलगावच्या फाट्यापर्यंत बोर्ड लागले: हात जोडलेले खुशालराव आणि खाली 'देशहितासाठी निर्भीड मत'. म्हणून यंदाचा विषय, 'निर्बंधांच्या ठरावावर खासदार महोदयांनी दिलेले मत राष्ट्रहिताचेच आहे'. आता यावर प्रतिकूल बाजूने कोण आणि काय बोलणार, ते तुम्हीच सांगा. नवऱ्या मुलाच्या मांडवात उभं राहून नवरा मुलगा काळा आहे म्हणण्यासारखंच ते. तरी सोळा कॉलेजांची पोरं आली होती आणि सकाळपासून एका माणसाच्या एका मतावर कीस पाडत होती. कुणी इतिहास काढत होतं, कुणी राज्यघटना. अकोल्यातल्या एका पोराने तर सोयाबीनच्या ढेपेचा हिशेब मांडला, की ती ढेप त्या देशात जायची, ती थांबली आणि इथल्या तेलगिरण्यांची एक पाळी बंद झाली. खुशालराव त्यालाही मान डोलावत होते. त्यांची मानच तशी आहे, ती सगळ्यांना डोलते.

ठराव झाला डिसेंबरात आणि जानेवारीत पिंटूचं जहाज निर्बंधांच्या यादीत आलं. पिंटू माझा धाकटा भाऊ, इंजिनात तेल-पाणी करणारा खलाशी. जहाजात त्या देशाचं तेल होतं हे पोरांना माहीतही नव्हतं. एका परक्या बंदराबाहेर जहाज अडवलं. मालक कंपनीने फोन उचलणं बंद केलं. बंदरवाले म्हणतात, जहाज सोडून उतरता येणार नाही, जहाजावर माणसं पाहिजेत. आपल्या वकिलातीतले लोक म्हणतात, ते जहाज यादीतलं आहे, आम्ही हात लावला तर आमच्यावर येईल. नऊ महिने झाले, एकवीस माणसं लोखंडावर बसली आहेत आणि किनारा समोर दिसतो. रात्री तिथल्या हॉटेलांचे दिवे लागतात ते मोजतो, असं पिंटू सांगतो. प्यायचं पाणी माणशी दोन बाटल्या. आंघोळ समुद्राच्या पाण्याची, अंगाला खाज सुटते. तो तक्रार करत नाही, आणि मला तेच सहन होत नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या, रडला असता, तर मी त्याला समजावलं असतं, समजावणं मला येतं. तो फक्त विचारतो, "मंग, काय म्हन्ते तुह्यं कॉलेज?"

आईने सगळा राग एका माणसावर काढला आहे. फाट्यावरचा तो बोर्ड आला की ती ऑटोत तोंड फिरवून बसते. "याच एका बोटानं माह्या लेकराचं दार लावलं," असं म्हणते. आधी मी तिला समजावलं की एका मताने काही होत नाही, शेकडो मतं असतात. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं मलाच वाटायला लागलं की नाही, होतं. याने विरोध केला असता तर? उठून दोन वाक्यं बोलला असता, की बाबांनो, जहाजांवर आमची पोरं आहेत? मी त्या माणसाला मनातल्या मनात इतक्या वेळा प्रश्न विचारले, इतक्या वेळा त्याची उत्तरं दिली, की तो आमच्या घरातच राहायला आला होता. सकाळी कणीक मळताना मी त्याच्या विरुद्ध बोलायची, बसमध्ये त्याच्या बाजूने. आणि या सगळ्यात पिंटूच्या सुटकेसाठी मंत्रालयाला पत्र हवं होतं ते त्याचंच. दोनदा बंगल्यावर जाऊन आले, भेट झाली नाही. शेवटी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, स्पर्धेला साहेब येणारच आहेत. अनुकूल भाषण फर्स्टक्लास होऊ द्या. मूड चांगला असतो बक्षिसाच्या वेळी. मी स्वतः तुम्हाला केबिनमध्ये बोलावतो." मग मी अनुकूल भाषण फर्स्टक्लास लिहिलं. कुणीही लिहिलं असतं. बहिणीने भावासाठी अजून काय करायचं, मला सांगा.

शिवम खाली उतरला आणि प्रणालीचं नाव पुकारलं. प्रणाली आमची प्रतिकूल बाजू. वरूडची पोरगी, होस्टेलवर राहते, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, ही माझ्याशीच बोलते आहे. अशी पोरगी दहा वर्षांत एकदा मिळते. तिने नमस्कार केला, सुरुवात केली, आणि दुसऱ्याच मिनिटाला मला कळलं की मी काय करून ठेवलं आहे. भाषणात नुसते शब्द होते. लोकशाही, संकेत, संवेदनशीलता, पुनर्विचार. एक माणूस नव्हता त्यात. प्रणाली जीव तोडून बोलत होती, पण विहिरीत नुसताच दोर सोडावा आणि बादली बांधायची राहून जावी तसं चाललं होतं. बादली मीच सोडवून ठेवली होती. पंधरा दिवसांपूर्वी ती एक कात्रण घेऊन आली होती, अडकलेल्या खलाशांवरचं. "मॅडम, हे टाकू या. हे लोक काहून अडकले याचं कोनी बोलतच नाई. मतदान करनाऱ्यानं याहिचा इचार केला का, असं इचारतो मी शेवटी." तिला माझ्या घरातलं काही ठाऊक नव्हतं, प्राचार्य सोडले तर कॉलेजात कुणालाच नाही. मी ते कात्रण वाचलं. त्यात जहाजाचं नाव नव्हतं, पण बंदराचं होतं. मी लाल पेन काढला, तिच्या कच्च्या मसुद्यातला तो अख्खा परिच्छेद काटला आणि समासात लिहिलं: विषयांतर. ती म्हणाली, "पन मॅडम, मानसं हाईत नं थे?" मी म्हटलं, भावनेच्या भरात मुद्दा सुटतो, परीक्षक गुण कापतात. तिने ऐकलं. ऐकणारी पोरगी आहे.

सूचनेची घंटा झाली, शेवटची झाली, प्रणाली उतरली. टाळ्या पडल्या, लग्नात जेवण झाल्यावर हात पुसावेत तशा. मग चहा, मग निकाल. शिवम अनुकूल बाजूने पहिला. प्रणालीचं नाव उत्तेजनार्थमध्येही नाही, आणि बेरजेत आमचा करंडक मूर्तिजापूरच्या कॉलेजने नेला. खुशालराव बोलायला उठले. पांढरं धोतर, वर जाकीट, आवाज खरखरीत. "मी काई वक्ता नोय," असं म्हणून त्यांनी पाऊण तास घेतला. आणि मध्येच म्हणाले, "त्या पोरानं काय सांगतलं? चार-दोन जहाजं अडकले म्हून देशाचं धोरन बदलत नसते. वा रे पठ्ठे! हे वाक्य आता मी अमरावतीच्या सभेत वापरनार हाओ." सगळे हसले. मीही हसले. आजूबाजूचे हसत असले की माझं तोंड हसतं, ही सवय नोकरीने लावलेली आहे. हसता-हसता मला दिसलं की अमरावतीच्या सभेला आई जाणार नाही, पण लाउडस्पीकर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लागतो.

व्हरांड्यात प्रणालीने मला गाठलं. डोळे लाल झालेले. "मॅडम, माह्याच्यानं करंडक गेला नं?" मी पर्सची चेन लावत राहिले. मग तीच म्हणाली, "मले बोलताना असं वाटून राहिलं होतं का भाषनात जीवच नाई. खरं सांगा, माह्यं काय चुकलं?" आता या वेळी माणसाने खरं बोलावं. मला वाटलंही, की हिला जवळ घ्यावं आणि सांगावं, बाई गं, तुझं काही चुकलं नाही, मी तुला पोकळ लिहून दिलं, मुद्दाम लिहून दिलं, समोर सोफ्यावर बसलेल्या माणसाला बोचू नये म्हणून. तेवढ्यात शिपाई आला, प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलंय म्हणाला. आणि मी प्रणालीला म्हटलं, "सराव कमी पडला तुझा." तिने मान हलवली. तिला ते पटलं, हेच मला जास्त लागलं. स्वतःची लाज वाटली मला, पण शिपाई दार धरून उभा होता.

केबिनमध्ये खुशालराव कचोरी खात होते. प्राचार्य म्हणाले, "साहेब, याच आमच्या तायडे मॅडम. भाषण यांनीच लिहून दिलं." खुशालरावांनी तोंड पुसलं. "बसा बसा. तुमाले तर मी वयखतो. काय वाक्य लिवलं हो! बोला, काय काम हाय?" मी अर्ज काढून दिला. दोन्ही हातांनी दिला, म्हणजे आदर वाटावा. त्यांनी चष्मा लावला. पहिला परिच्छेद वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा भाऊ हाय जहाजावर? सख्खा?"

"हो साहेब. नऊ महिने झाले."

"आन वाक्य तुमीच लिवलं?"

मी मान खाली घातली. त्यांनी थट्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. पुढचा परिच्छेद बोटाने वाचत गेले आणि बोट थांबलं. "हे काय लिवलं इथं? 'आपण ठरावाच्या बाजूने मत दिले हे देशहिताचे असले तरी'... हे कायले लिवलं?"

"म्हणजे साहेब, आपलं मत होतं ना त्या ठरावाला..."

"कोन म्हने?"

"बोर्ड होते, साहेब. आणि आजचा विषयच..."

खुशालरावांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य खिडकीकडे पाहायला लागले. मग खुशालराव हसले, आणि खरं सांगते, त्या हसण्यात लबाडी नव्हती, एखाद्याची चप्पल उलटी निघाली की आपण हसतो तसं ते हसले. "ओ मॅडम, मी त्या दिवशी दिल्लीले नोतोच. पोरायनं हौशीनं बोर्ड लावले, लोकायले आवडले, मंग मी कावून काढू? मी त्या रोजी वलगावात होतो, वाचनालयाच्या उद्घाटनाले. अन तुमीच तर होत्या माईकवर! इसरल्या का?"

मी विसरले नव्हते. ठरावाची तारीख मला पाठ होती आणि वलगावचा तो दिवसही डोळ्यांपुढे होता, फक्त हे दोन्ही एकच दिवस आहेत हे नऊ महिन्यांत एकदाही डोक्यात आलं नाही. संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असला की सूत्रसंचालनाला मलाच उभं करतात. थंडी होती, लोक दुपारपासून सतरंजीवर बसले होते, साहेब तीन तास उशिरा आले. आणि माईक हातात घेऊन म्हणाले होते, "दिल्लीचं कामकाज सोडून आलो तुमच्यासाठी." त्यावर मी काय केलं? मी पुढे झाले आणि म्हटलं, साहेबांच्या या प्रेमासाठी एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. झाल्या. तिकडे त्याच वेळी ठराव वाचला जात असेल. आणि मी राज्यशास्त्र शिकवते हो! आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही, हे दरवर्षी मी फळ्यावर लिहिते, पोरं उतरवून घेतात. आम्ही सगळ्यांनी मिळून एका न दिलेल्या मताचं दिवसभर पोस्टमॉर्टेम केलं. सोळा कॉलेजं, बत्तीस वक्ते. आणि माझी आई नऊ महिने ज्या बोटाला शाप देते आहे, ते बोट त्या वेळी वलगावात फीत कापत होतं.

मला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि सुटल्यासारखंही वाटलं नाही. नऊ महिने मी एका माणसाशी भांडत होते, आणि भिंतीवर हात आपटून पाहावा तर भिंतच नाही, हात नुसता पुढे गेला, असं झालं. त्याने विचार करून पिंटूला अडकवलं असतं तर मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. कुणी अडकवलंच नव्हतं. कुणी तिथे नव्हतंच. "पत्राचं पाहू आपन," खुशालराव अर्जाची घडी घालत म्हणाले. "देतो ना पत्र, मानूसकीचं काम हाय. फक्त हे मताचं काढून टाका यातून. उद्या कागद दिल्लीले गेला अन कोनं हजेरी काढली, तं मंग दोघायचीबी फजिती. सोमवारी नवा लिवून आना, मी सई करतो. अन हे बोलनं इथंच राहू द्या. तुमी शायन्या बाई हा." मग थोडं थांबून म्हणाले, "ते भाषनाची एक कॉपीबी आनजा संगं." मी म्हणाले, "हो साहेब." आवाज स्वच्छ निघाला, शब्दोच्चाराला दहापैकी दहा.

साडेपाचची अमरावती बस मिळाली. ऑक्टोबरचं ऊन पडद्यातून मांडीवर येत होतं. सोमवारी पत्र मिळेल, मिळायलाच हवं, या एका गोष्टीला धरून मी बसले. दोन्ही बाजू मनात मांडायला गेले आणि पहिल्यांदाच काही सुचेना. प्राचार्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी विषय दिला होता. आता मलाही माहीत होतं, आणि सोमवारी मी भाषणाची कॉपी घेऊन जाणार होते. हा माणूस वाईट आहे असं म्हणावं तर तो पत्र देणार आहे. चांगला आहे म्हणावं तर... जाऊ द्या. बोरगाव मंजू गेलं आणि फोन वाजला. पिंटू. त्यांना आठवड्यातून एकदा, बंदरावरची पाण्याची बोट आली की नेटवर्क मिळतं.

"ताई, झाली का स्पर्धा? माय म्हने का खासदार येनार होते."

"झाली रे. जेवला का?"

"भात खाल्ला. आयक नं, त्यायले इचारलं का तुनं?"

"काय विचारलं?"

"मताचं." मागे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी हिंदीत काही म्हणालं. "इथं आमच्यात रोज वाद होते व यावरून. दुसरं काम काय हाय? केरळचा एक कुक हाय, थो म्हन्ते, तुमच्या लीडर लोकायनं डोये झाकून हात वर केले. बिहारचे दोघं म्हन्तात, पैसे घेऊन केले. मी एकटा त्याहिच्या इरोधात हाओ. मी म्हन्तो, आमचा खासदार काही येडा नोय. आमच्याकडचा मानूस हाय. त्यानं दोन रस्ते पाह्यले असन, इकडं देश, इकडं आमी पोरं, अन मंग काळजावर दगड ठेवून मत देल्लं असन. चुकीचं देल्लं, पन इचार करून देल्लं. बराबर हाय नं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. बसमधली एक बाई लेकराला खारे दाणे सोलून देत होती. बाबांनी यालाही शिकवायचा प्रयत्न केला होता, पण याला कधीच दोन बाजू जमल्या नाहीत. हा लहानपणापासून कुणाची तरी बाजू घेऊन रडायला लागायचा. आज पहिल्यांदा तो वाद घालत होता, नऊ महिने घालत होता, वीस माणसांसमोर, आणि त्याची सगळी बाजू एका गोष्टीवर उभी होती.

"ताई? आयकू येऊन राहिलं का?"

"येते रे."

"मंग सांग नं. इचार केला होता नं त्यानं आमचा?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. तुरीचं शेत, मग कपाशी, मग परत तूर. खरं माझ्या तोंडात तयार होतं, चार शब्दांचं. पिंटू, तो तिथे नव्हता.

"हाव," मी म्हणाले. "केला होता. मी स्वतः विचारलं त्यांना."

"पाह्य!" तो ओरडला, आणि फोन बाजूला धरून हिंदीत म्हणाला, "सुनो रे, मैंने बोला था ना! सोच के दिया है। मेरी दीदी ने खुद पूछा।" तिकडे काही आवाज झाले, कुणीतरी शिट्टी मारली. मग नुसता समुद्र ऐकू येत होता. मला वाटलं, लाइन गेली.

"ताई," पिंटू हळू आवाजात म्हणाला, "हे सगळे इचारून राहिले, किती वेळ इचार केला म्हनतात ते?"

"लय वेळ," मी म्हणाले. "लय वेळ केला, रे."